दाराआडचं वाक्य

सोमवार, ४ मार्च

आज शाखेच्या बैठकीत मी पुन्हा कडाडले आणि पुन्हा टाळ्या मिळाल्या. या टाळ्यांचा मला वीट आला आहे.

आमच्या पक्षाची एक पद्धत आहे. बैठकीचा पहिला तास दार लावून. समोरच्या पक्षाची बारा वर्षांची राजवट होती तेव्हा सभेला बंदी होती. आम्ही कुणाच्या तरी घरी पडदे ओढून जमायचो. त्या तासात ज्याला जे बोलायचं ते बोलायची मुभा. अध्यक्षाची खरडपट्टी काढा, खजिनदाराला तोंडावर चोर म्हणा, कुणी राग धरायचा नाही. दार उघडलं की सगळ्यांचा आवाज एक. आता बंदी नाही, नगरपालिका आमची आहे, कार्यालयाला काचेचं दार आहे. तरी तास चालूच. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवतो आणि क्रांतिकारक असल्यासारखे बसतो.

मी इस्पितळाच्या लिफ्टवर बोलले. दीड वर्षापूर्वी फीत कापून सुरू केलेली लिफ्ट महिनाभर चालली. खजिनदाराच्या मेहुण्याने कुठल्या तरी मोडीत काढलेल्या इमारतीतली आणून रंग मारून बसवली, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "लाज वाटू द्या. आपण आणि ते सारखेच झालोय!"

ही आमची ठरलेली शिवी. बंद दाराआड याहून मोठी थप्पड नाही. रागावलेली आई पोराला 'तू माझा नाहीसच' म्हणते, तशातला प्रकार. पोर काही बाडबिस्तरा बांधत नाही.

शाखेचा अध्यक्षच आता नगराध्यक्ष आहे. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा पक्ष पक्ष आहे." टाळ्या. मग दार उघडलं, चहा आला आणि ठराव झाला की लिफ्टच्या दुरवस्थेला मागील राजवटीचं दुर्लक्ष कारणीभूत आहे. भाषा जरा नीट करून द्या म्हणून कागद माझ्याकडेच सरकवला.

मी करून दिली. दोन वाक्यांचं एक केलं, छान वाचलं जातं आता.

बुधवार, ६ मार्च

सकाळचा चहा नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंसोबत. एक दिवस त्या वर येतात, एक दिवस मी खाली जाते. मी त्यांना नर्सबाई म्हणते, त्या मला कोर्टबाई. मी जन्मभर कोर्टात लघुलेखिका होते. साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच काम. दोघी निवृत्त झालो तरी नावं सुटली नाहीत.

निवृत्त मी झाले. त्यांना काढून टाकलं होतं. तापाच्या साथीत समोरच्यांनी मेलेल्यांचे आकडे लपवले, तेव्हा ही बाई इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहून गेलेल्या रुग्णांची नावं मोठ्याने सांगू लागली. तिसऱ्या दिवशी उचलली. खटला नाही, वकील नाही, अकरा महिने आत. डावा कान तिथेच गेला. म्हणून चहाला मी नेहमी त्यांच्या उजवीकडे बसते.

त्या साथीची चौकशी करू, असं वचन देऊन आम्ही दोन वर्षांपूर्वी निवडून आलो. नर्सबाई मुख्य साक्षीदार. तारीख तीनदा पुढे ढकलली. आता म्हणे निवडणुकीनंतर नक्की. समोरच्यांनी तर जाहीरच केलं आहे की सत्ता आली की पहिल्याच सभेत चौकशी गुंडाळणार. नर्सबाईंना म्हटलं, "घाबरू नका, आम्हीच येतो."

त्या म्हणाल्या, "या बाई. पण येताना लिफ्ट दुरुस्त करून या."

"का? काय झालं?"

"काल शेजारणीला डबा द्यायला वॉर्डात गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून एक्स-रेला खाली आणत होते. नातू आणि जावई. जिन्याच्या वळणावर नातवाचा पाय घसरला." कप खाली ठेवून म्हणाल्या, "मांडीचं हाड. मी आवाज ऐकला. एका कानाने ऐकला तरी पुरला."

मला परवाचं माझं ते छान वाक्य आठवलं. चहा तसाच राहिला.

गुरुवार, ७ मार्च

इस्पितळात जाऊन आले. लिफ्टच्या दाराला साखळी, साखळीला कुलूप आणि शेजारी भिंतीवर अध्यक्षाच्या नावाची संगमरवरी पाटी, पुसून चकचकीत. पाटी पुसायला माणूस आहे. म्हातारा पाय टांगून पडला आहे. नातवाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आपल्या हातांकडे बघत बसला होता.

तिथूनच अध्यक्षाला फोन केला. म्हणाला, "मावशी, मला झोप नाही हो. पण आता बोललो तर समोरच्यांच्या हातात कोलीत. निवडणुकीपर्यंत कळ काढा. मग बंद दाराआड काय सोलायचं ते सोला मला."

"तुला सोलून म्हाताऱ्याचं हाड जुळतं का?"

त्याने फोन ठेवला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

पायऱ्या उतरताना खाली एक वार्ताहर उभी होती, केस बारीक कापलेली, नम्र, हातात ध्वनिमुद्रक. मी अंगावर निळी शाल घेतली होती. कपाटात तीच वर होती म्हणून. मी सगळं सांगितलं. लिफ्ट, मेहुणा, फीत, पाटी, म्हातारा. ती शेवटी म्हणाली, "मग तुमच्या पक्षात आणि समोरच्यांत फरक काय उरला?"

मी म्हटलं, "काही नाही. दोघे सारखेच."

आज फार दिवसांनी बरं वाटलं. कॉन्व्हेंटातल्या आमच्या बुटक्या सिस्टर म्हणायच्या, स्वतःचं पाप सांगताना शेजारणीच्या पापाशी तुलना करत बसायचं नाही, आपलं मोठं करून सांगायचं. त्या असत्या तर खूश झाल्या असत्या.

शुक्रवार, ८ मार्च

पहिल्या पानावर. शालीचा रंग चांगला आला आहे.

दिवसभर लोक थांबवून बोलत होते. भाजीवाला म्हणाला, "बरोबर बोललात आजी, सगळे एका माळेचे." औषधवाल्याने काउंटरमागून हात जोडले. मी कौतुकाची भुकेली नाही, पण बोललं की ऐकणारा असतो हे कळायला हरकत काय? औषधवाला मात्र पुढे म्हणाला, "म्हणूनच मी मतदानालाच जात नाही." ते मला आवडलं नाही.

दुपारी मुलीचा फोन. "आई, तू खरंच असं म्हणालीस?"

"म्हणाले."

"पण तू तसं मानत नाहीस."

"म्हणजे? माझ्या तोंडून निघालं ते माझंच ना?"

"आई, बाबांच्या पाठीवरचे वळ तू शेकले आहेस. ते कुणी उठवले होते?"

मी म्हटलं, दुधावर लक्ष नाही माझं, ठेवते. गॅसवर दूध नव्हतं.

आज चहाची पाळी वरची होती. नर्सबाई आल्या नाहीत. गुडघा धरला असेल.

सोमवार, ११ मार्च

कोपऱ्यावर, बस थांब्यावर, इस्पितळाच्या फाटकावर मी. निळ्या शालीत. खाली समोरच्यांचं चिन्ह आणि वर हातभर अक्षरांत: 'त्यांच्याच ज्येष्ठ बाई म्हणतात: दोघे सारखेच!' ज्या फाटकाशी नर्सबाईंना उचललं, नेमकं तिथेच चिकटवलं आहे.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आला. लहान असल्यापासून बघते आहे त्याला. आईच्या मागे आमच्या बंद खोलीत यायचा आणि कोपऱ्यात झोपी जायचा. आता त्याच्या गाडीत ड्रायव्हर असतो. त्याने एक टाइप केलेला मजकूर पुढे केला: 'माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला.'

"सही करा मावशी."

"विपर्यास कुठे झालाय? मी तसंच म्हणाले होते."

"आता एवढं काय त्यात? सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणतात म्हणूनच नाही. साक्षीदार असंच म्हणायचे, 'साहेब, मी असं बोललोच नाही'. न्यायाधीश माझ्याकडे बघायचे आणि मी वाचून दाखवायची. माझ्याच बाबतीत मला बहिरं व्हायला सांगतोस?"

त्याने कागदाची घडी केली. रागावला नाही, तेच वाईट. म्हणाला, "मावशी, तुम्ही आतलं वाक्य बाहेर बोललात."

"म्हणजे?"

"आत ते वाक्य आपल्या पाठीवर चाबूक असतो. आत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की समोरच्यांनी काय केलं. ते गृहीत धरून आपण ते बोलतो. बाहेरच्याने काय गृहीत धरायचं? बाहेर ते त्यांना प्रमाणपत्र आहे. ज्यांनी काकांना झोडपलं, त्यांना तुम्ही आपल्या हाताने दिलंत."

ते झोंबलं. म्हणून मग जास्तच तिखट बोलले. "चाबूक म्हणे! चाबकाला कुणी टाळ्या वाजवतं का? आत माझं ऐकलं असतं तर मी बाहेर कशाला तोंड उघडलं असतं?"

तो उठला. दारात म्हणाला, "तेही खरं आहे." आणि गेला.

माझं आणि त्याचं, दोघांचंही खरं असेल तर खोटं कुणाचं? इस्पितळाच्या पायरीवरच्या माझ्या वाक्याचं. सही न करता इथे येऊन पोचले. मला वाटत होतं की मी फार प्रामाणिक वागते आहे.

बुधवार, १३ मार्च

गेली पाच वर्षं चुकला नव्हता तो चहा चुकतो आहे. आज मीच खाली गेले. बिस्किटांचा पुडा नेला, गुडघ्याला लावायचा मलम नेला.

नर्सबाईंनी दार उघडलं, मलम बघितला. "माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही, कोर्टबाई."

मी आत जाऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. त्यांनी चहा टाकला नाही.

मी सुरू केलं, "पक्षाचं नुकसान झालं हे मला—"

"तुमच्या पक्षाचं तुम्ही बघा. मी कधी होते तुमच्या पक्षात?"

"मग रागावलात कशावर?"

त्या खिडकीशी उभ्या होत्या. "तुम्ही गुरुवारी इस्पितळाच्या पायरीवर उभ्या राहून आपल्याच माणसांना नावं ठेवली. शुक्रवारी पेपरात आलं. शनिवारी काय केलंत?"

"शनिवारी? काही नाही. बाजारात गेले. दूध आणलं."

"दूध आणलंत," त्या म्हणाल्या. "मी बोलले त्याच्या तिसऱ्या दिवसापासून माझ्या दारातल्या दुधाच्या पिशव्या साचत गेल्या. पार नासल्या. तेव्हाची शेजारीण मुलांना म्हणाली, त्या दाराकडे बघायचं नाही." मग म्हणाल्या, "हा फरक आहे. एवढाच आहे. छोटा वाटत असेल तर सांगा."

मी बिस्किटांचा पुडा मांडीवरून खाली ठेवला.

"लिफ्टवर बोलू नका असं मी म्हणत नाही हं. म्हाताऱ्याबद्दल मीच तुम्हाला सांगितलं. अजून चार शिव्या घाला तुमच्या लोकांना. पण माझे अकरा महिने त्या लिफ्टमध्ये घालून दार लावू नका."

मलम तिथेच राहिला. त्या 'घेऊन जा' म्हणाल्या नाहीत, 'राहू दे'ही म्हणाल्या नाहीत.

मी त्यांच्या उजवीकडे बसायची ते मोठ्या काळजीने. स्वतःचं स्वतःलाच कौतुक होतं त्याचं. आणि जाहीर बोलायची वेळ आली तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात कुठे होतं? टाळ्यांच्या आवाजात बुडालं होतं. बंद दाराआडच्या टाळ्यांचा वीट आला, म्हणून उघड्यावरच्या घ्यायला गेले.

शनिवार, १६ मार्च

समोरच्यांचे एक गृहस्थ आले होते. कडक इस्त्री, फुलांचा गुच्छ, आवाज तुपात घोळलेला. त्यांच्या मोठ्या सभेत मी व्यासपीठावर बसावं. "दोन शब्द बोललात तर उपकार होतील. तुमच्यासारखी निर्भीड माणसं कुठे राहिलीत आता?"

मी विचारलं, "माझ्या खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्यांना का आत टाकलं होतं?"

त्यांनी जिभेने च्च केलं. "फार जुन्या गोष्टी आहेत बाई. चुका दोन्हीकडून झाल्या. आपणच म्हणालात ना?"

मी म्हणाले होते. त्यांच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा मला ते वाक्य पूर्ण ऐकू आलं. किती सोयीचं आहे! दोन्हीकडून म्हटलं की कुणाकडूनच नाही.

मी गुच्छ त्यांच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "निघा. माझ्या जिन्याला लिफ्ट नाही, जपून उतरा." हे शेवटचं उगाच बोलले. चुरचुरीत बोलायची खोड जात नाही. तीच तर नडली.

सोमवार, १८ मार्च

वार्ताहराच्या कार्यालयात स्वतः गेले. टेबलावर कागद, कप, तीन फोन. मी म्हटलं, "मी बोलले ते खोटं होतं. तुम्ही छापलं ते खरं छापलं. आता नवं घ्या."

"म्हणजे आरोप मागे घेताय?"

"एकही नाही. लिफ्ट आमच्या माणसाने फसवून बसवली, आमच्या पक्षाने झाकली आणि झाकणारा ठराव मी माझ्या हाताने लिहिला. हे पाप आमचं आहे, मागच्या राजवटीचं नाही. हे एक. दुसरं, समोरच्यांनी मेलेली माणसं लपवली आणि नावं सांगणारीला डांबलं. या दोन गोष्टी एका तागडीत घालणं चूक होतं. ती चूक माझी. आणि तिसरं, त्यांची पापं जड आहेत म्हणून आमची हलकी होत नाहीत."

ती लिहून घेताना म्हणाली, "आजी, हे मोठं होतंय. मथळा काय देऊ?"

"मथळ्यात बसत नाही म्हणूनच आले."

तिला वाईट वाटलं असावं. चांगली मुलगी आहे. विचारणं तिचं काम होतं, उत्तर माझं होतं.

बुधवार, २० मार्च

पाचव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, तीनही वाक्यं. एकही शब्द गाळला नाही. कोण वाचतो पाचवं पान? नर्सबाईंच्या दाराखालून सरकवावं असं वाटलं. नाही सरकवलं. शाबासकी मागितल्यासारखं झालं असतं.

शनिवार, २३ मार्च

पाचवं पान आमच्या कार्यालयात वाचतात, असं दिसतं. आज चौकात नवा फलक. तीच मी, तीच शाल. खाली आमचं चिन्ह. 'बाईंनी केला खुलासा: आपण त्यांच्यासारखे नाही!'

लिफ्ट गाळली. ठराव गाळला. पाप गाळलं. समोरच्यांनी माझं खोटं वाक्य पूर्ण छापलं, आमच्यांनी खरं अर्धं छापलं. अध्यक्षाला फोन केला तर म्हणाला, "मावशी, फलकावर जागा किती असते?"

"पाटीवर तुझं नाव बसवायला जागा होती."

भाजीवाला म्हणाला, "आजी, नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?" मी त्याला पूर्ण सांगितलं. वांगी तोलता तोलता त्याने ऐकलं. म्हणाला, "हां, असं होय." एक माणूस झाला.

गुरुवार, २८ मार्च

म्हातारा गेला. छातीत पाणी झालं, पडून पडून. नर्सबाई जिन्यात भेटल्या, त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्याशी, आणि हे बोलल्या.

म्हणाल्या, "नातू सारखा म्हणतोय, माझा पाय घसरला."

मी म्हटलं, "त्याला कुणीतरी सांगायला हवं."

"कुणीतरी," नर्सबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी गेले. त्यांच्या घरी दोन खोल्या, दारात चपलाच चपला. नातू गॅलरीत होता. मी सांगितलं, तुझा पाय नाही, आमची लिफ्ट. कशी बसवली, कुणी झाकली, ठराव कुणी लिहिला, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच त्या फलकावरच्या ना?"

"हो."

"कुठल्या?"

दोन्ही, असं सांगावं लागलं.

रविवार, ७ एप्रिल

मतदान. मी आमच्याच चिन्हाला मत दिलं. दुसरं करणं शक्य नव्हतं. समोरचे आले असते तर चौकशी संपली असती, आणि उद्या फाटकाशी उभं राहणाऱ्या कुणाच्या तरी दारात दूध नासलं असतं. हे मला पक्कं कळतं. तरी बाहेर आल्यावर बोटावरची शाई पुसत राहिले. म्हाताऱ्याच्या माणसांना न विचारता मी त्यांच्या वतीने माफी देऊन टाकते आहे, असं वाटलं.

मंगळवार, ९ एप्रिल

आम्ही जिंकलो. थोडक्यात, पण जिंकलो. कार्यालयात पेढ्यांऐवजी केक होता, त्यावर आमचं चिन्ह काढलेलं, लिफ्ट नव्हती एवढंच. मला खुर्ची दिली. खजिनदाराने माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि मी पाय मागे घेतले. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा सगळ्यांच्या आलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

नव्या नगरपालिकेची पहिली सभा सोमवारी. विषयपत्रिका मी अध्यक्षाकडे बसून वाचली. चौकशीचा विषय आहे: 'प्रशासकीय कारणास्तव पुढे ढकलण्यात यावी.' चौथ्यांदा.

"का रे?"

"मावशी, आल्या आल्या केलं तर सूड दिसेल. सहा महिने जाऊ देत. आणि खरं सांगू का? चौकशी उघडली की इस्पितळ उघडणार. इस्पितळ उघडलं की लिफ्ट उघडणार." त्याने कपाळ चोळलं. "बंद दाराआड यावर बोलू ना आपण. पहिला विषय हाच घेऊ. शब्द देतो."

म्हणजे आमचं छोटं पाप झाकायला आता त्यांचं मोठं पाप झाकायचं. या मार्गाने चालत राहिलो तर एक दिवस माझं ते खोटं वाक्य आम्ही खरं करून दाखवू. अजून झालेलं नाही. पण वाट दिसते आहे, आणि त्या वाटेवर मी दुरुस्त केलेल्या वाक्यांचे दगड आहेत.

नर्सबाईंना हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. खाली गेले. त्यांनी आत घेतलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "चौकशी पुन्हा ढकलताहेत. आमचे लोक."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "आता? आता परत म्हणणार, सारखेच?"

"नाही."

"मग काय म्हणणार?"

मला जुळवायला वेळ लागला. चुरचुरीत काही नको होतं. म्हटलं, "त्यांनी तुम्हाला आत टाकलं. आम्ही तुम्हाला बाहेर ताटकळत ठेवलं."

त्यांनी मान हलवली, साक्ष नीट उतरवली आहे ना हे तपासल्यासारखी. "हे बरोबर आहे. कुठे बोलणार? त्या कागद चिकटवलेल्या दाराआड?"

"सोमवारच्या सभेत नागरिकांना प्रश्न विचारता येतात."

"मी येते," त्या म्हणाल्या. "पण आधी तुम्ही बोलायचं. पक्ष तुमचा आहे."

आणि गॅसकडे गेल्या. चहा टाकला. मला माफ केलं असं मी समजत नाही. चहाची वेळ झाली होती.

सोमवार, १५ एप्रिल

सभागृहात आमची बाकं उजवीकडे, समोरच्यांची डावीकडे, नागरिक मागे कठड्यापलीकडे. नर्सबाई माझ्या डावीकडे, म्हणजे मी त्यांच्या उजवीकडे.

माझं नाव पुकारल्यावर अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. 'आत' असं काहीसं म्हणाला असावा. मी उभी राहिले.

मी म्हटलं, मी याच पक्षाची आहे, मत यांनाच दिलं, उद्याही यांनाच देईन. मग लिफ्ट सांगितली. मेहुणा सांगितला, खजिनदाराकडे बघून. म्हातारा सांगितला. ठराव माझ्या अक्षरात आहे हे सांगितलं. चौकशी आज चौथ्यांदा कुणाच्या सोयीसाठी ढकलली जाते आहे, हे अध्यक्षाने मला त्याच्या घरी जे शब्द वापरून सांगितलं, ते शब्द जसेच्या तसे सांगितले. पद्धत मोडली. आमच्या बाकांवरच्या सगळ्या माना खाली. त्यातल्या काही जणांना मी पडद्याआड बसून, एकाच कपातून चहा पिऊन ओळखते. तरी बोलत राहिले.

मग डावीकडची बाकं वाजायला लागली. धाड धाड. कडक इस्त्रीवाले गृहस्थ तर उभेच राहिले. "वा बाई, वा!"

आवाज मोठा होता. क्षणभर तो मला ओळखीचा वाटला, आणि लाज वाटली की ओळखीचा वाटला.

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही बाकं वाजवू नका. माझं आमच्या लोकांशी भांडण आहे, त्यात तुमचं काम नाही. तुमच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्यापेक्षा यांना जास्त आहे. दोन वर्षांपूर्वीच यांना इथे उभं करायला हवं होतं. आम्ही केलं नाही."

बाकं थांबली.

मी खाली बसले. नर्सबाई कठडा धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, विषय पुढे ढकलला आहे, यांना बोलता येणार नाही. अध्यक्षाने मान वर केली. समोरची विषयपत्रिका उलटी करून ठेवली. शेवटी हळूच म्हणाला, "बोलू द्या."

चौकशीची तारीख अजून मिळालेली नाही. मला पक्षातून काढतील की नाही तेही माहीत नाही. अध्यक्षाचा फोन आलेला नाही. नर्सबाई बोलल्या मात्र. खालच्या आवाजात, एकसारख्या, पाठ असलेलं म्हटल्यासारख्या. फाटकाशी ज्या नावावर त्यांना थांबवलं होतं, त्याच्या पुढचं नाव त्यांनी घेतलं, मग त्याच्या पुढचं. दोन्हीकडची बाकं ऐकत होती, उजवीकडचीही. मी आमच्या बाकांकडे बघत होते. दोन वर्षं यांच्या हातात होतं हे ऐकणं, आणि माझ्याही.